मांडव आपला, वरात हिरव्यांची

आज सकाळी ऑफिसात पोचले तर टेबलावर अर्धं कलिंगड. आतून कोरून रिकामं केलेलं, आणि वर पिवळी चिठ्ठी : 'सीझन जवळ आला, डोक्याचं माप देऊन ठेव.' रिजायनाचा एक सहकारी आहे आमचा, त्याचे उद्योग. सगळा मजला हसला. मीही हसले. मग पँट्रीत जाऊन उगाच दोन मिनिटं कप विसळत उभी राहिले, कारण डोकं फिरलं होतं. त्याच्यावर नाही. मागच्या अख्ख्या सीझनवर.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी थोडक्यात. शेजारच्या सस्कॅचवन प्रांतातली, रिजायनाची हिरवी टीम म्हणजे सस्कॅचवन रफरायडर्स. त्यांचे फॅन कलिंगड कोरून हेल्मेटसारखं डोक्यावर घालतात. खरंखुरं कलिंगड. आणि आम्ही विनिपेगकर, ब्लू बॉम्बर्सचे. कॅनेडियन फुटबॉल, लांबट चेंडूचा. 'अमेरिकेची कॉपी ना?' असं कमेंटमध्ये लिहायचं असेल त्याने आपापलं अनफ्रेंड होऊन घ्यावं.

तर २०२५ चा ग्रे कप, म्हणजे आमच्या लीगची फायनल, विनिपेगला होता. आमच्या गावात, आमच्या प्रिन्सेस ऑटो स्टेडियमवर. आणि त्याआधी आम्ही सलग पाच ग्रे कप खेळलेलो. २०१९ आणि २०२१ जिंकलो, मधलं २०२० कोरोनाने खाल्लं. २०२२ ला टोरंटोकडून एका पॉइंटने हरलो, २०२३ ला मॉन्ट्रियलकडून चार पॉइंटने, २०२४ ला पुन्हा टोरंटोने ४१-२४ असं धुतलं. पण पोचलो होतो ना दर वेळी! मग त्या वर्षी घरच्या मैदानावर तर पोचणारच, हे या गावाने धरूनच ठेवलं होतं. मीपण. जूनमध्ये तिकिटं काढून मोकळी झाले. दोन. एक माझं, एक आण्णांचं.

आण्णा म्हणजे माझे वडील, वय ७६, मंगळवार पेठ, कोल्हापूर. शाहू स्टेडियमवरची मॅच त्यांनी कधी चुकवली असेल तर ती माझ्या लग्नाच्या दिवशी, आणि तेही अजून काढतात. पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की आमच्या घरी सकाळी दहालाच जेवणं उरकायची. इकडं यायच्या तयारीत असलेल्या अशा माणसाला मी फोनवर सांगितलं, 'आण्णा, परतीचं तिकीट पुढं ढकला, नोव्हेंबरात फायनल आहे, आपली टीम असणार.' त्यांनी ढकललं. विनिपेगचा नोव्हेंबर अंगावर घेतला, केवळ 'आपली टीम असणार' या माझ्या शब्दावर.

आणि मग काय झालं? पहिल्या तीन मॅच जिंकलो. गाव हवेत. चौथ्या मॅचला कॅलगरीने जमिनीवर आणलं, तिथून जे सुरू झालं ते एक पाऊल पुढं, एक मागं. सप्टेंबरात लेबर डेला रिजायनात हरलो. पुढच्याच आठवड्यात बँजो बोल, घरी, तोही हरलो. दोन्ही हिरव्यांकडून! या मॅचला बँजो बोल का म्हणतात ठाऊक आहे? २००३ साली आमचा किकर ट्रॉय वेस्टवूड सस्कॅचवनच्या लोकांना बँजो वाजवणारे गावंढळ असं काहीतरी बोलून गेला. बोंब झाल्यावर माफी मागताना म्हणाला, चुकलंच, तिथल्या बहुतेकांना बँजो वाजवता येतच नाही. हा आमचा एकेकाळचा माज. आणि आता घरचा बँजो बोलसुद्धा त्यांना देऊन टाकायचा.

शेवटी १० जिंकल्या, ८ हरल्या. लीगच्या पश्चिम विभागात चौथे. हो, मान्य, १०-८ म्हणजे काही लाज नव्हे, आणि दुखापतीही होत्या. बास, एवढंच मान्य. कारण पश्चिमेतला चौथा पूर्वेतल्या तिसऱ्यापेक्षा बरा निघाला की त्याला पूर्वेच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, घुसवतात, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. मागच्या दाराने पंगतीत बसण्याचा प्रकार. आणि या दाराने आत गेलेली एकही टीम आजवर ग्रे कपपर्यंत पोचलेली नाही. एकही! आम्हीही नाही. मॉन्ट्रियलला गेलो, ४२-३३ हरलो, सीझन संपला. समोर डेव्हिस अलेक्झांडर, ज्याने तोवर क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा म्होरक्या) म्हणून सुरुवात केलेली एकही मॅच हरली नव्हती. आमच्याकडे झॅक कोलारोस, ३७ वर्षांचा. २०२१ आणि २०२२ चा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, माझा जीव आहे त्याच्यावर. पण तीच माणसं, तोच खेळ, तीच 'नोव्हेंबरात बघू' ही वृत्ती किती वर्षं ओढायची? ज्यांनी २०१९ ला कप आणला त्यांना कायमचं देव्हाऱ्यात बसवलं की हेच होणार. प्रेमापोटी माणूस बदलायचा राहून जातो. आमच्या घरचा मिक्सरही तसाच आहे, असो.

त्या रात्री मॅच संपली, टीव्ही बंद केला. आण्णा सोफ्यावर ब्लँकेटमध्ये. म्हणाले, 'मग फायनलला आपली कुठली?'

मी म्हटलं, 'आपली नाही, आण्णा.'

'मग वरडायचं कुणासाठी?'

या प्रश्नाला अजून उत्तर नाही माझ्याकडे.

आज ऑफिसात एकजण शहाणपणा शिकवत होता, की अगं, गावाला तर फायदाच झाला ना, हॉटेलं भरली. भरली असतील बाबा. पण विनिपेगला आजवर पाच ग्रे कप झाले. १९९१, १९९८, २००६, २०१५, २०२५. पाचही वेळा मांडव आम्ही घातला आणि एकदाही नवरदेव आमचा नव्हता. एकदाही आपली टीम त्या दिवशी मैदानात नाही. वाढपी म्हणून मात्र आम्ही फार नाव कमावलंय.

तरी गेलो. १६ नोव्हेंबर. सस्कॅचवन विरुद्ध मॉन्ट्रियल. आण्णांना तीन थर कपडे, वर माझ्या नवऱ्याचं जॅकेट, डोक्यावर बॉम्बर्सची निळी लोकरी टोपी. आणि आजूबाजूला सगळं हिरवं. हिरवं म्हणजे आपल्याकडं पाऊस झाल्यावर रान दिसतं तसं. सस्कॅचवनची अख्खी पब्लिक गाड्या काढून आली होती, रिजायना साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटर तर आहे. आण्णांनी जरा वेळ बघितलं आणि स्वतःच निकाल लावला : 'पेठेतला नियम. आपण नसलो की शेजारच्या पेठेच्या विरुद्ध.' मग शिट्टी! दोन बोटं तोंडात घालून, शाहू स्टेडियमवाली. मॉन्ट्रियलसाठी. मागचे चार हिरवे दचकून खाली बसले.

शेवटच्या क्वार्टरमध्ये मॉन्ट्रियल आठ पॉइंटने मागं होतं आणि अगदी गोल लाइनच्या तोंडाशी पोचलं होतं. आण्णा उभे. मी उभी. आणि शे पॅटरसनच्या हातून बॉल सुटला. हिरव्यांनी उचलला. २५-१७. तिथंच संपलं.

आमच्या पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, आण्णांच्याच वयाचे. डोक्यावर कलिंगड. त्यांनी ते दोन्ही हातांनी काढलं तर खाली कानटोपी, आणि कानामागून मानेपर्यंत रसाचे गुलाबी ओघळ चिकटलेले. ते रडत होते. २०१३ नंतर पहिला कप, एकूण पाचवा. वळून त्यांनी आण्णांकडं बघितलं, निळी टोपी बघितली, आणि काही न बोलता मिठी मारली. आण्णांना इंग्रजीचा एक शब्द नीट येत नाही. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि मराठीत म्हणाले, 'असू दे, असू दे, जिंकलासा नव्हं.'

मला आण्णांचाच राग आला होता तेव्हा, खरं सांगते. पार्किंगपर्यंत बोलले नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, 'त्यानं कलिंगड घालून थंडी काढली गं. माणूस खरा हाय.'

आता लिहिता लिहिता जरा निवळलेय म्हणून सांगते. आमच्याकडंही एक असा खरा माणूस आहेच की. २००१ चा ग्रे कप बॉम्बर्स हरले तेव्हा एका फॅनने शपथ घेतली, कप येईपर्यंत फुल पँट घालणार नाही. उणे तीसमध्ये हाफ पँट. अठरा वर्षं! २०१९ ला कप आला तेव्हा त्या बाबाने पँट घातली. आणि रफरायडर्स काय, बॉम्बर्स काय, दोन्ही टीम लोकांच्या मालकीच्या, कुणा शेठजीच्या नाहीत. हिरव्यांचं दुःख मला कळतं ते म्हणूनच. पण त्यांचं सुख माझ्या टेबलावर आणून ठेवायचं काही कारण नव्हतं.

आणि हो, नियम बदलतायत त्यावर मला बोलायला लावू नका. एकशे दहा यार्डांचं मैदान मी आण्णांना चमचे आणि काकडीच्या फोडी मांडून समजावलं होतं. आता २०२७ पासून शंभर यार्ड म्हणे. पुन्हा मांडते चमचे.

दुपारी घरी आल्यावर आण्णांना फोन केला, कलिंगडाचं सांगितलं. पोटभर हसले. मग विचारलं, 'आतलं कुणी खाल्लं?' मी म्हटलं, ठाऊक नाही. 'मग त्याला विचार की. कोरल्यालं टाकून दिलं असंल तर मात्र भांड.'

विचारलं. त्याने डबा भरून आणलाय, उद्या देणार आहे.

असो. लेबर डेला रिजायनाला गाडी घेऊन जातेय. दोन जागा आहेत. पेट्रोल वाटून घेऊ, थालीपीठं माझ्याकडून. हिरवं घालून आलात तर ब्रँडनला हायवेवर उतरवीन.