थ्रॉटल सोडला, बरं झालं (पण सगळ्यांनी सोडू नका)

"ई-सायकल घ्यायचीये, थ्रॉटलवाली घेऊ की नुसती पेडल असिस्ट?" हे विचारणारे इतके मेसेज येतात की एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी पुण्यात कोथरूडहून बाणेरला ऑफिसला जातो. आधीच्या सायकलीला मागच्या चाकात हब मोटर (चाकाच्या मधोमध बसवलेली, थेट चाकच फिरवणारी) आणि उजव्या मुठीत थ्रॉटल होता, म्हणजे मूठ पिळली की पाय न मारताही मोटर चालते. आताचीला तो नाहीच, ती नुसती पेडल असिस्ट. पाय फिरले तर मोटर चालणार, पाय थांबले की तीही बंद.

थ्रॉटल मुठीत असला की माणूस पेडल मारत नाही. "फक्त चढाला वापरीन" म्हणणारे थोड्याच दिवसांत सपाट रस्त्यावरही मूठ पिळत पाय लोंबकळत ठेवून जाताना दिसतात. मग उरते काय, तर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी, डिकी नसलेली स्कूटर. वर बॅटरीही लवकर संपते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर. नुसत्या थ्रॉटलवर किलोमीटरला १२-१५ वॉट-अवर सहज जातात. नीट पाय मारले तर साधारण निम्मे. सेनापती बापट रस्त्याच्या चढाला तर विचारूच नका. सायकलीचे गिअर हब मोटरच्या काही कामाचे नसतात. वेग पडला की ती करंट ओढत राहते आणि त्यातला बराचसा नुसता तापण्यात जातो.

पण खरी मेख मोटरने कधी मदत करायची ते ठरवणाऱ्या सेन्सरमध्ये आहे, आणि दुकानात त्याबद्दल आपणहून कोणी बोलत नाही. स्वस्त सायकलींत कॅडन्स सेन्सर असतो: क्रँकपाशी (पेडलचा दांडा बसतो तिथे) चुंबकं बसवलेली एक चकती. पेडल फिरतंय की नाही, एवढंच त्याला कळतं. तुम्ही जोर किती लावताय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. विद्यापीठ चौकात सिग्नल सुटला की सुरुवातीला सगळं वजन तुम्हीच ओढायचं, आणि मग अचानक मोटर हिसका देणार. पुढे रिक्षा, मागे पीएमटी बस! अशा सायकलीला थ्रॉटल असेल तर निदान सुटताना मूठ तरी पिळता येते; नसेल तर ती घेऊच नका, स्पष्ट सांगतो. टॉर्क सेन्सर पेडलवरचा दाब मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो. पाय दाबला की लगेच, हलका सोडला की कमी. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते यासाठी द्या. डिस्प्ले रंगीत नसला तरी चालतं.

"पण व्यायाम होतो का?" होतो. २०१९ मध्ये सात युरोपीय शहरांवरचा एक अभ्यास आला होता. त्यात ई-सायकलवाल्यांची एकूण हालचाल साध्या सायकलवाल्यांच्या जवळपास निघाली, कारण ते लांब लांब जातात.

आता काहीजण म्हणतील, युरोपात ताशी ६ किलोमीटरच्या पुढे थ्रॉटलने चालणारी सायकल साधी सायकल धरत नाहीत, मग आपल्याकडेही तसंच करा. मला हे पटत नाही. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर आपल्याकडे लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. दिवसभर पार्सलं पोचवणाऱ्या पोराला थ्रॉटल लागतोच. माझी जुनी सायकल सासऱ्यांकडे आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते तिच्यावरून भाजी आणतात, आणि त्यांना मी पेडल मारण्याचे फायदे सांगायला जाणार नाही.

घेणार असाल तर टेस्ट राइडला दुकानासमोरच्या सपाट गल्लीत एक चक्कर मारून परत येऊ नका. चढावर मध्येच थांबा आणि तिथूनच निघून बघा. आणि सिग्नलला थांबायच्या आधी गिअर उतरवायची सवय लावा. थ्रॉटलवाल्यांची ती पार गेलेली असते.