बाब्बांचा जग

आमचे जावई स्वीडिश. ते मला 'बाबा' म्हणायला शिकलेत, पण ऐकू येतं 'बाब्बा'. हाक मारतायत की दचकलेत, कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात ते आम्हाला स्टॉकहोमजवळच्या एका बेटावर, आपल्या लाकडी घरी घेऊन गेले. समुद्र, पाइनची झाडं, रात्री दहालाही उजेड. सगळं छान. मग त्यांनी संडास दाखवला. तब्बल अर्धा तास दाखवला.

बेट म्हणजे नुसता कातळ, ड्रेनेज खणणार कुठे? म्हणून हा व्हॅक्यूमवाला कंपोस्ट संडास. भांडं आपल्या कमोडसारखंच. बटण दाबलं की झडप उघडते आणि पंप सगळा ऐवज बारक्या नळीतून ओढून घेतो. ओढूनच न्यायचं असल्याने नळीला उतार लागत नाही, ती चढसुद्धा चढते. पाणी जेमतेम अर्धा लिटर; आपल्याकडचा फ्लश सहा लिटर तरी पितो. ऐवज पडतो तळघरातल्या ड्रममध्ये. त्यात लाकडाचा भुसा टाकायचा, हँडल मारून ड्रम फिरवायचा. पंखा वास छपरावर नेऊन सोडतो आणि जिवाणू हवा खाऊन खत करतात.

मी मान डोलावत होतो, पण डोळे भिंतीवर जेट शोधत होते. जेट नव्हता. कागद होता.

मी हिच्याकडे पाहिलं. हिने एक अक्षर न बोलता स्वयंपाकघरातला लिटरचा जग पुढे केला. संसार म्हणतात तो हाच.

आवाजाचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. 'फटाक्' आणि मग 'सूंऽऽऽ'. पहिल्या दिवशी मी दाराबाहेर उभं राहून नुसता हात आत घालून बटण दाबलं. लाकडी घर, रात्रीची शांतता, माझं वय बासष्ट. सकाळी जावयांनी काळजीने विचारलं, "बाब्बा, बरं वाटत नाही का? तीन वेळा उठलात."

पाचव्या दिवशी घरात वास सुटला.

"बाबा, आत पाणी वापरताय?" मुलीने विचारलं.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"जगभर."

"कॉफीचा जग?" ती किंचाळली. ही खिडकीतून समुद्र बघू लागली.

तळघरात ड्रम उघडला तर आत चिखल. खत पिळून काढलेल्या स्पंजाइतकंच ओलं हवं. पाणी जास्त झालं की हवेला जागा उरत नाही, कुजणं सुरू होतं. जावई समजावू लागले, की १९३९ साली स्वीडनमध्येच रिकार्ड लिंडस्ट्रॉमने घरासाठी कंपोस्ट संडास बांधला, वगैरे. आता मात्र माझा कोकणी बाणा जागा झाला. म्हटलं, आमच्या कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करून दाखवलं. आम्ही त्याला सोनखत म्हणतो, सोनखत! आम्हाला शिकवू नका.

जावई खरोखर भारावले. "मग तर बाब्बा, तुम्हीच यातले तज्ज्ञ," म्हणत त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं.

उरलेले दहा दिवस मी तळघरात भुसा टाकत आणि ड्रम फिरवत काढले. वरच्या मजल्यावर तहाची बोलणी होऊन दर खेपेला पाव लिटरचा एक कप मंजूर झाला.

परतीच्या विमानात मध्यरात्री संडासात गेलो. बटण दाबलं. तोच 'फटाक्', तीच 'सूंऽऽऽ'. आणि माझा हात आपोआप भुशाची बादली चाचपू लागला.