बाथमध्ये रवाच हवा

बाथ म्हणजे गोव्याचा रवा-खोबऱ्याचा केक. तो पौष्टिक करायला रव्याऐवजी कणीक वापरा, हे त्यावरच्या लेखात सुचवलेलं मला पटलं नाही. आमच्या लहानपणी नाताळात शेजारच्या घरून दोदोल (नारळ-गुळाची मिठाई) आणि नेवऱ्यांबरोबर (करंज्यांबरोबर) बाथ यायचा. त्याचा तो दाणेदारपणा रवा आणि ताज्या खोबऱ्याचाच! साखर मात्र जरूर बदला. गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात माडाचा काळा गूळ मिळतो, तो किसून घाला, फार खमंग लागतो. गुळाला ओल असते, म्हणून नारळाचं दूध थोडं कमी घ्यावं. खोबऱ्यात स्निग्धपणा असतोच, त्यामुळे लोणीही कमी पुरतं. मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवाच. रवा नीट भिजला नाही तर केक कोरडा होतो. बेकिंग पावडर सकाळी, भाजायच्या आधी घालावी.