‘जवानाला इंग्रजी कशाला?’ या मेसेजला एका शिक्षिकेचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: कळव्याच्या आमच्या सोसायटीच्या, माजी सैनिकांच्या आणि साकेत मैदानावर पहाटे पळणाऱ्या भरतीच्या मुलांच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘सैन्यात हुकूम हिंदीत असतात, जवानाला इंग्रजी कशाला? चीन, रशिया, फ्रान्सचे सैनिक आपापल्या भाषेतच लढतात. शिकायचंच असेल तर व्याकरणाचं एक पुस्तक आणि ९० दिवस पुरे. नाहीतर भाषांतराला मोबाइल आहेच. आणि इंग्रजी आलं की जवान नोकरी सोडतो, म्हणून त्यावरचा खर्च वाया.’

मी नऊ वर्षं दर रविवारी कळव्यात माजी सैनिकांना, सुट्टीवर आलेल्या जवानांना आणि भरतीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. हा मेसेज वाचून दोन मुलांनी येणं बंद केलं, म्हणून हे लिहिते आहे.

हुकूम हिंदीत असतात, हे अगदी खरं. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मुड’ यांना कुणी हात लावावा असं मलाही वाटत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीत आलेला पंजाबी किंवा तमिळ अधिकारी आपल्या जवानांची मराठी शिकतो, ही आपल्या सैन्याची फार मोलाची रीत आहे. पण परेड म्हणजे जवानाचा सगळा दिवस नव्हे. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, यंत्राचं मॅन्युअल, ऑफिसातली बरीचशी कागदपत्रं इंग्रजीत असतात. अग्निवीर क्लार्कच्या जागेसाठी बारावीला इंग्रजीत ५० टक्के गुण लागतात, वायुदलाच्या अग्निवीरालाही इंग्रजीत तेवढेच. शिपाई म्हणून लागलेल्या मुलाला पुढे अधिकारी व्हायचं असेल, तर आर्मी कॅडेट कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी असतं. ‘इंग्रजी कशाला’ म्हणून हा दरवाजा बंद होतो तो शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या पोरासाठी. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलासाठी तो उघडाच राहतो.

चीन-रशिया-फ्रान्सचं उदाहरण अर्धवट आहे. आपल्या देशात, आपल्या तुकडीत ते स्वतःच्या भाषेत बोलतात, तसे आपणही बोलतो. पण फ्रान्स नाटोत आहे, आणि नाटोमध्ये सैनिकांच्या भाषेसाठी स्टॅनॅग ६००१ नावाची ठरलेली मोजपट्टी आहे. चीनचे सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर दक्षिण सुदानला गेले की तिथलं काम इंग्रजीतच चालतं. आपले जवानही तिथे आहेत, लेबनॉनमध्ये आहेत. आजवर भारताने शांतिसेनेत दोन लाखांहून अधिक सैनिक पाठवले आहेत. अमेरिकेबरोबरचा ‘युद्ध अभ्यास’ हा संयुक्त लष्करी सराव २००४पासून चालू आहे, २०२२ला तो आपल्या औलीत झाला. समोरच्या तुकडीच्या सार्जंटशी आपल्या हवालदाराने दुभाष्या शोधत बोलायचं का? काँगोतल्या मोहिमेवर तर गावकऱ्यांशी फ्रेंच किंवा स्वाहिलीच लागते, तेव्हा प्रश्न एकट्या इंग्रजीचाही नाही.

‘एक पुस्तक आणि ९० दिवस’ हा या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग, कारण तो खोटी आशा दाखवतो. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की पाटी कोरी असेल तर बी-१ पातळी गाठायला, म्हणजे ओळखीच्या विषयावर आपलं आपण निभावून न्यायला, शिक्षकासोबतचे ३५० ते ४०० तास लागतात. रोज एक तास धरला तरी ९० दिवसांचे ९० तासच होतात. दहावी झालेल्याची पाटी अगदी कोरी नसते, हे मान्य. तरी जवानाचा तास म्हणजे गार्ड ड्युटी, फटीग (साफसफाई-ओझ्याची अंगमेहनतीची कामं), कोर्स आणि रजा यांतून उरलेला तास. माझ्या वर्गातही वीसपैकी अकराच येतात, आणि दर वेळी वेगळे अकरा, कारण बाकीचे सिक्युरिटीच्या रात्रपाळीवर असतात. म्हणून मी कालच्या धड्यावर आजचा धडा उभा करत नाही. प्रत्येक धडा स्वतःपुरता पूर्ण असतो. सैन्यासाठी इंग्रजीच्या वर्गांची आखणी करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून हे धरून चालावं.

आणि सुरुवात पुस्तकापासून नाही, कामापासून करावी. हा माणूस कुणाशी बोलतो? समोरासमोर की वायरलेसवर? लिहितो का, आणि काय लिहितो? स्टॅनॅगमध्ये ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारांना ० ते ५ अशी वेगवेगळी पातळी देतात, ती याचसाठी. मोहिमेवर जाणाऱ्या ड्रायव्हरला ऐकणं-बोलणं जास्त लागेल, क्लार्कला लिहिणं. दोघांच्या हातात एकच व्याकरणाचं पुस्तक देणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं.

मी आकड्यांपासून सुरू करते. दोघांना पाठीला पाठ लावून बसवते, म्हणजे ओठ दिसत नाहीत. एकजण नकाशावरची जागा सांगणारा सहा आकडी संदर्भ वाचतो, दुसरा लिहून घेतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ची गल्लत पहिल्या पाच मिनिटांत होते. मग मुलांना आपोआप कळतं, की वायरलेसवर आकडे सुटे का म्हणतात, नऊला ‘नाइनर’ का. नाटोच्या पद्धतीत ‘पुन्हा सांगा’ म्हणायला ‘से अगेन’ म्हणतात, ‘रिपीट’ म्हणत नाहीत, कारण तोफखान्यात ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा करा. व्याकरणात दोन्ही शब्द बरोबर आहेत.

कच्चं इंग्रजी जीवावरही बेततं. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचं होतं, ते खाली सौदी विमानाच्या १४,००० फुटांवर उतरलं. कझाक कर्मचाऱ्यांचं कच्चं इंग्रजी हेही त्यामागचं एक कारण मानलं गेलं. पुढे २००८पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना बोलण्या-ऐकण्याची ठरावीक पातळी सक्तीची झाली. ती परीक्षा व्याकरणाच्या पुस्तकाची नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सुभेदार आणि शिपाई एका बाकावर बसवले, की सुभेदारसाहेब तोंड उघडत नाहीत. पंचवीस वर्षं ज्याने हुकूम दिले, तो पोरांसमोर चुकीचं वाक्य कसं बोलेल? मी त्यांचा वर्ग तासभर आधी घेऊ लागले. तिसऱ्या रविवारी ते बोलले.

मोबाइलचं उत्तर छोटं आहे. चौकीवर नेट नसतं. असलं तरी लष्करी मजकूर परक्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकायचा नसतो. २०२०मध्ये लष्कराने जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती, ती सुरक्षेसाठीच.

राहिला ‘नोकरी सोडतो’ हा मुद्दा. इंग्रजी आलं म्हणून जवानाला मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही. उलट, अग्निवीराला चार वर्षांनी सैन्यच निरोप देतं, जास्तीत जास्त २५ टक्के पुढे ठेवतं. बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी येतात. घोडबंदर रोडच्या टॉवरच्या गेटवर उभे असलेले कितीतरी माजी सैनिक सातारा-सांगलीचे आहेत. त्यांतला एक हवालदार माझ्याकडे येतो. सतरा वर्षं नोकरी, माणसं सांभाळण्याचा अनुभव, पण मुलाखत इंग्रजीत झाली आणि सुपरवायझरऐवजी गार्ड म्हणून घेतलं. आठ महिन्यांनी त्याने शिफ्टचा रिपोर्ट स्वतः इंग्रजीत लिहायला घेतला. या रविवारी वर्ग सुटल्यावर तो थांबला, वही उघडली आणि विचारलं, ‘मॅडम, बेसमेंटच्या भिंतीतून पाणी झिरपतंय. तिथे लीकेज लिहू की सीपेज?’