आम्ही उलटं चाललो

स्वित्झर्लंडमधल्या शिनिगे प्लाटे ते फर्स्ट (हे जागेचं नाव) या डोंगरवाटेवरच्या लेखात फर्स्टकडून सुरुवात सुचवलीय. आम्ही चौघं शिनिगे प्लाटेकडून निघालो. विल्डर्सविलहून दातेरी रुळांवरची गाडी (१८९३ पासूनची!) थेट १९६७ मीटरवर सोडते. पुढे साधारण १६ किलोमीटर पायपीट. डावीकडे खोल खाली ब्रिएन्झचं निळंहिरवं तळं, उजवीकडे आयगर आणि युंगफ्राऊ ही शिखरं. आधी कुरणं नि गायींच्या घंटा, मग नुसता दगडांचा चुरा. वाटेतलं फाउलहॉर्न म्हणजे जर्मनमध्ये कुजकं शिखर. तिथली दगडाची चीप हातात पापडासारखी मोडली. वर २६८१ मीटरवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी! जुलैतही बर्फाचा पट्टा लागला, त्यावर बसकण मारली ती अर्थात मीच. पुढे बाखआल्पझे तळ्याकाठी जास्त रेंगाळलो, म्हणून फर्स्टच्या शेवटच्या गंडोलासाठी (रोपवेच्या पाळण्यासाठी) अक्षरशः पळालो. वेळ आधी बघून ठेवा.