‘नोटा जिंकला की निवडणूक रद्द’ हे खरे नाही

निवडणूक जवळ आली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो : सगळे उमेदवार सारखेच, एका मताने काही होत नाही, म्हणून सर्वांनी ‘नोटा’ म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबावे, त्याला सर्वाधिक मते पडली की निवडणूक रद्द होते आणि सारे उमेदवार सहा वर्षांसाठी बाद होतात. रस्त्यासाठी आणि दवाखान्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्या माणसाचा राग रास्तच आहे, पण हा मजकूर त्याची दिशाभूल करतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या 27 सप्टेंबर 2013 च्या निकालामुळे ‘नोटा’ आला. मात्र लोकसभा-विधानसभेत त्याला कितीही मते पडली तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो. अनामत जप्त करतानाही ही मते वैध मतांत धरत नाहीत. सहा वर्षांची बंदी तर कपोलकल्पितच आहे.

मजकुरात अर्धसत्य आहे ते स्थानिक निवडणुकांपुरते, आणि त्याचा एक धागा कोकणातलाच आहे. लांजा तालुक्यातील खावडी ग्रामपंचायतीत 441 मतांपैकी 210 ‘नोटा’ला पडली, तरी 130 मते मिळवणारा उमेदवार सरपंच झाला. अशा निकालांनंतर राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला की महानगरपालिका, नगरपालिका व नगरपंचायतींत ‘नोटा’ अव्वल ठरल्यास त्या जागेसाठी फेरनिवडणूक घ्यावी. तीतही तसेच घडले, तर मात्र उमेदवारांपैकी पुढे असलेलाच विजयी ठरतो.

एका मताने काही होत नाही, हेही टिकत नाही. 2014 मध्ये रायगड लोकसभा मतदारसंघात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा अवघ्या 2,110 मतांनी पराभव केला, आणि तटकरेंच्याच नावाच्या एका अपक्षाने त्याहून कितीतरी अधिक मते घेतली. ग्रामपंचायतीच्या प्रभागात तर काही वेळा मते समसमान पडतात आणि चिठ्ठी काढून सदस्य ठरतो. तिथे मुंबईहून न आलेल्या एका चाकरमान्याचे मतही निर्णायक ठरले असते.

राहिला ‘सगळे सारखेच’ हा आक्षेप. उमेदवाराच्या शपथपत्रात त्याची मालमत्ता आणि त्याच्यावरील खटले नोंदलेले असतात. ते न वाचताच हा निष्कर्ष काढला जातो. घरी बसणाऱ्यामुळे ज्याचे मतदार हमखास बाहेर पडतात त्याचेच फावते.

आयोगाचा तो नियम विधानसभा-लोकसभेलाही लागू व्हावा, असे मला मनापासून वाटते. संसद कायदा बदलून ते करू शकते. तेव्हा प्रचाराला वाडीत येणाऱ्या प्रत्येक लोकसभा उमेदवाराकडे त्याचे लेखी आश्वासन मागावे.