‘चाललेल्या डिस्कला हात लावू नये’ : सोलापूरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तिथल्या तिथे उत्तर लिहायला बसलो. ते फार तावातावाने झालं, म्हणून पुसलं. हे दुसरं. तुम्ही नावाऐवजी ‘जुना रिपेअरवाला, सोलापूर’ एवढंच लिहिलंत आणि ‘तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे’ असं बजावलंत, म्हणून काका म्हणतोय. चालेल ना?

ज्यांनी मागचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: मागच्या लेखात मी फर्मवेअरच्या (हार्ड डिस्क चालवणारा, तिच्याच आत बसलेला प्रोग्रॅम) चुकीमुळे बसणाऱ्या, म्हणजे अचानक बंद पडणाऱ्या डिस्कबद्दल लिहिलं होतं. आपल्या डिस्कचं फर्मवेअर कोणतं ते बघा, कंपनीने दुरुस्ती दिली असेल तर टाकून घ्या, असा सल्ला दिला होता. त्यावर काकांनी चार गोष्टी सुनावल्या. एक, चाललेल्या डिस्कला हात लावू नये. दोन, डिस्क मरते ती हेडने (डेटा वाचणारं टोक) नाहीतर बेअरिंगने (आतल्या थाळ्या ज्यावर फिरतात ते), फर्मवेअर हे नव्या पोरांचं खूळ. तीन, कागदाचा तुकडा आणि मोबाइलची केबल घेऊन डिस्क उठवायचा उद्योग लिहून मी माकडाच्या हाती कोलीत दिलं. चार, ‘बॅकअप घ्या’ हे दोन शब्द सांगायचे सोडून एवढं पुराण कशाला.

कोलिताचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात.

सीगेट कंपनीच्या बाराकुडा 7200.11 या मॉडेलची बंद पडलेली डिस्क उठवायचा तो जुना उपाय मी दहा ओळींत असा सांगितला, जणू खिशातल्या टाचणीने सिमचा ट्रे काढायचाय. प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. साटा कनेक्टरच्या (जिथे डेटाची केबल लागते) शेजारच्या बारक्या पिनांना वायर जोडायची. त्यांना कॉम्प्युटरच्या जुन्या सीरियल पोर्टचा व्होल्टेज थेट दिला तर पीसीबी (डिस्कखालचा सर्किट बोर्ड) जळते, म्हणून मधे कन्व्हर्टर लागतो. तेव्हा बऱ्याच जणांनी नोकियाची सीए-42 केबल कापून तेच काम भागवलं होतं. टॉर्क्सचे स्क्रू सैल करून पीसीबी आणि आतल्या कॉन्टॅक्टच्या मधे कागद सरकवायचा, म्हणजे डिस्क अडकून न पडता टर्मिनलला (कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायची खिडकी) उत्तर देते. मग मोटर थांबवायचा हुकूम, आणि वीज चालू असतानाच कागद ओढून काढून स्क्रू परत आवळायचे. स्क्रूड्रायव्हर घसरला की संपलं. शेवटी ट्रान्सलेटर (कुठला डेटा थाळीवर कुठे आहे याचा तक्ता) नव्याने बांधण्याचा तो आकड्यांचा लांबलचक हुकूम. त्यात एक आकडा चुकला, किंवा डिस्कचं दुखणं मुळात वेगळंच असलं, तर जो डेटा थाळ्यांवर धडधाकट बसलेला होता त्याचीच वाट लागते. यातलं निम्मं मी लिहिलंच नव्हतं. ती दहा ओळींची कृती आज सकाळी लेखातून काढली आणि तिथे ‘डेटा हवा असेल तर स्वतः करू नका’ असं घातलं. सीगेटने 2009 मध्ये आपल्याच आय365 या कंपनीकडून अशा डिस्कमधला डेटा फुकट काढून देण्याची तयारी दाखवली होती, हेही तिथे असायला हवं होतं.

आता दुसरा मुद्दा. इथे मात्र मी ऐकणार नाही.

तुम्ही म्हणता, सत्तावीस वर्षं डिस्क उघडतोय, फर्मवेअरने मेलेली एकही पाहिली नाही. काका, तुमच्याकडे येणारी डिस्क बहुतेक कटकट करत येते, घासल्याचा आवाज करत येते, नाहीतर फिरतच नाही. मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या डिस्क शहाण्या बाळासारख्या फिरतात. कान लावला तर नेहमीची घरघर, हेड सुटल्याचा हलका टक्, आणि मग शांतता. फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) नाव दिसत नाही, किंवा दिसलंच तर क्षमता शून्य. दुकानात अशी डिस्क आली की आपण काय म्हणतो? ‘पीसीबी गेली.’ त्याच मॉडेलची दुसरी पीसीबी लावून बघतो, तरी उठत नाही, मग ‘आतून गेली’ म्हणून परत देतो. तुमच्या सत्तावीस वर्षांत अशा किती परत गेल्या असतील? माझ्याकडून तरी गेल्यात.

7200.11 मध्ये झालं होतं काय, ते जरा निवांत सांगतो, कारण त्यातच तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर आहे. डिस्क स्वतःपुरती एक नोंदवही ठेवते. कधी काय झालं याच्या नोंदी थाळीवरच्या राखीव जागेत जातात. वही संपली की पुन्हा पहिल्या पानापासून. या वहीच्या शेवटाची खूण होती 320 वर, आणि ती मांडताना फर्मवेअर लिहिणाऱ्याची एका घराची चूक झाली. डिस्क चालू होताना नोंदींचा काटा नेमका 320 वर असला, किंवा त्यापुढे 256 च्या पटीत कुठे असला, तर फर्मवेअर वहीच्या बाहेर पाऊल टाकतं. बाहेर पडल्याचं त्याला कळतं, आणि आणखी नुकसान नको म्हणून ते जागच्या जागी थिजतं. थिजल्यामुळे नवी नोंद होत नाही, नोंद होत नाही म्हणून काटा हलत नाही, काटा हलत नाही म्हणून पुढच्या वेळी चालू केली की पुन्हा तिथेच. पन्नास वेळा बंद-चालू करा, काही फरक नाही. हेड ठीक, बेअरिंग ठीक, थाळ्या ठीक, डेटा ठीक. दार तेवढं आतून लागलेलं.

यात आणखी एक अट होती. कारखान्यात डिस्क तपासताना कोणतं यंत्र वापरलं, त्यावर राखीव जागेत एक विशिष्ट नमुना उरला होता की नाही हे ठरायचं. तो असेल तरच हा अपघात. म्हणून एकाच मॉडेलच्या, एकाच फर्मवेअरच्या दोन डिस्कपैकी एक दहा वर्षं चालते आणि दुसरी दोन महिन्यांत बसते. ‘माझ्याकडच्या दोन अजून बिलिंगच्या पीसीत चालतात’ हा तुमचा पुरावा मला खोटा वाटत नाही. त्यातून सिद्ध मात्र काही होत नाही.

आणि धोका चालू करतानाच होता, चालत असताना नाही. सतत चालणाऱ्या मशीनला तो क्वचितच भेटणार. आपल्याकडे त्या दिवसांत भारनियमन जोरात होतं. दिवसातून तीनदा लाइट जाणाऱ्या गावातला पीसी तीनदा ही परीक्षा देत होता.

तर ‘चाललेल्या डिस्कला हात लावू नये’. बेअरिंगच्या बाबतीत हे सोळा आणे खरं. बेअरिंग झिजतं, आवाज करतं, आधी सूचना देतं. मोजणीतली चूक झिजत नाही. ती पहिल्या दिवसापासून तिथेच असते आणि ठरलेल्या आकड्याची वाट बघते. आकडा येईपर्यंत डिस्क शंभर टक्के चांगली, आकडा आला की शंभर टक्के बंद. 2019 च्या नोव्हेंबरात सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने आपल्या काही सॅस एसएसडींबद्दल (सर्व्हरमधल्या, थाळ्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क) नोटीस काढली: 32,768 तास भरले की डिस्क बंद पडणार, म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस आणि 8 तास. आकडाच चुगली करतो. 2 चा 15 वा घात. ज्या 16 बिटांच्या मोजणीत अधिक-उणे दोन्ही बसवायचं असतं ती 32,767 पर्यंतच जाते. पुढचा तास तिला मोजता येत नाही. डिस्क गेली की डेटाही परत मिळणार नाही, आणि एकाच वेळी कामाला लावलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी बसतील, हेही एचपीईनेच लिहिलं होतं. अशा सर्व्हरसमोर हाताची घडी घालून ‘चाललंय ना, चालू दे’ म्हणणारा माणूस सावध नसतो. त्याला फक्त तारीख माहीत नसते.

चारच महिन्यांनी, मार्च 2020 मध्ये, दुसऱ्या एसएसडींसाठी 40,000 तासांची नोटीस आली. तीच खोट डेलने विकलेल्या काही डिस्कमध्येही निघाली. डेलच्या दुरुस्तीसोबतच्या टिपणात कारण वाचलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो: गोल फिरणाऱ्या नोंदवहीची हद्द तपासताना शेवटचं घर धरायचं होतं, त्याऐवजी त्याच्या आधीचं धरलं गेलं. अकरा वर्षांनी, थाळ्या जाऊन चिप आल्या, तरी वहीच्या शेवटच्या पानावर तीच चूक! (प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच महिन्यात कान धरून शिकवलेली गोष्ट आहे ही.)

सगळ्याच वेळी एवढं वाईट होत नाही. 2012 च्या सुरुवातीला क्रुशल कंपनीच्या एम4 या एसएसडीमध्ये 5184 तासांनंतर अशीच खोट निघाली होती. मशीन पुन्हा चालू केलं की डिस्क तासभर चालायची आणि परत गप्प. डेटा मात्र शाबूत, आणि 0309 हे फर्मवेअर टाकलं की प्रकरण मिटायचं.

तरीही तुमच्या भीतीला मुळात जागा आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, म्हणून मीच देतो. जानेवारी 2009 मध्ये सीगेटने 7200.11 साठी एसडी1ए नावाची दुरुस्ती काढली. लोकांनी ती घाईघाईने टाकली, आणि 500 जीबीच्या, तोवर व्यवस्थित चालणाऱ्या डिस्क त्या दुरुस्तीनेच बंद पडल्या. कंपनीला ती मागे घेऊन पुन्हा नीट करून द्यावी लागली. म्हणजे दुरुस्ती न टाकणारे आणि पहिल्या दिवशी टाकणारे, दोघेही अडकले. सुटले ते, ज्यांनी आधी डेटा दुसरीकडे हलवला आणि मग आठवडाभर थांबले. मी मागच्या लेखात ‘टाकून घ्या’ म्हटलं, ‘आधी हलवा, मग थांबा, मग टाका’ असं म्हटलं नाही. हा दोष माझा.

राहिला बॅकअप. ‘दोन शब्द सांगायचे’ म्हणता, पण काका, कशावर घ्यायचा ते कोण सांगणार?

कराडला माझा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो. शिस्तीचा माणूस. एका छोट्या नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेलं डिस्कचं खोकं) दोन डिस्क, एकीवर जे जाईल तेच दुसरीवर. शिवाय तिसरी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून कपाटात, दर रविवारी कॉपी. तुमच्या-माझ्या हिशोबाने सुरक्षित. एकदा दुपारी लाइट गेली, आली, आणि नॅसमधली एक डिस्क दिसेना. आवाज नाही, वास नाही, गरम नाही. नवी डिस्क मागवून वाट बघत होता, तोवर चौथ्या दिवशी नॅस त्याने स्वतःच बंद करून चालू केला आणि दुसरीही दिसेना. मी पोचलो तेव्हा तिन्ही डिस्क टेबलावर ओळीने ठेवलेल्या. सीरियल नंबरांचे शेवटचे आकडे 41, 42, 43. एका दुकानातून, एका दिवशी, एका पेटीतून घेतलेल्या. कंपनीचं नाव इथे घेत नाही, पण त्या मॉडेलसाठी दुरुस्तीचं फर्मवेअर तिच्या साइटवर कित्येक महिने पडून होतं.

43 नंबरची अजून कपाटातून निघाली नव्हती. तिला वीज लावायची की नाही, यावर आम्ही दोघांनी एक आख्खा चहा घालवला. त्याने सुपारीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, ‘लाव.’ उठली. पहिलं काम, तिच्यावरचं सगळं वेगळ्याच कंपनीच्या एका जुन्या डिस्कवर. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत कॉपी, मधे एकदाही बंद न करता. मग दुसऱ्या दिवशी, यूपीएस लावून, फक्त तेवढी एकच डिस्क मशीनला जोडून, फर्मवेअर टाकलं. दीड मिनिटाचं काम, पण तेवढ्यात मी पंख्याकडे सोळा वेळा बघितलं, फिरतोय ना म्हणून. ती डिस्क अजून त्याच्याकडे आहे. बाकीच्या दोन डेटा काढणाऱ्यांकडे गेल्या आणि मधल्या चार दिवसांतलं एक आख्खं लग्न, जे तिसरीवर आलंच नव्हतं, ते तिथून परत आलं. बिल किती झालं ते त्याने आजवर बायकोला सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही नको.

एकाच बॅचच्या तीन डिस्कवर ठेवलेल्या तीन प्रती म्हणजे तीन प्रती नव्हेत, हे माझ्या डोक्यात त्या टेबलाशी बसलं. हेड मेलं असतं तर एकीचं मेलं असतं. मोजणीतली चूक मात्र तिघींच्या पोटात सारखी. म्हणून पुराण लांबलं.

पाहायचं कसं, हे खालच्या दोन वाचकांनी विचारलंय. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. मॉडेलच्या जवळच फर्मवेअर लिहिलेलं दिसतं, आणि डिस्क आजवर किती तास चालली तेही. मॉडेल आणि सीरियल नंबर घेऊन कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जा, दुसऱ्या कुठल्या साइटवरून फर्मवेअर उतरवू नका. दुसऱ्या मॉडेलचं तर चुकूनही नको.

आणि काका, बिलिंगच्या पीसीतल्या तुमच्या त्या दोन 7200.11. वरच्या लेबलवर फर्मवेअर छापलेलं असतं. ते एसडी15 असेल आणि तुम्ही कधी बदललं नसेल, तर मशीन चालू आहे तोवर बिलांचा डेटा दुसरीकडे काढा. सिद्धेश्वरच्या यात्रेत दुकान बंद ठेवत असाल, तर मशीन बंद करायच्या आधी काढा. लेबल बघून इथे एक ओळ टाका, मी वाट बघतोय.